कंदीलआक्काचा नवा दिवा

“दिसलं की पोचलं.”

सकाळी नावेत बसताना कुणाचा चेहरा उतरलेला दिसला, की कंदीलआक्का एवढंच म्हणायची. नदी रुंद होती. संध्याकाळच्या खेपेला पाणी काळं पडत जायचं आणि पलीकडून घरी निघालेल्या माणसाला अलीकडचा काठ म्हणजे नुसती एक जाड रेघ वाटायची. मग त्या रेघेवर एक पिवळा ठिपका उगवायचा. तो आक्काचा कंदील. ठिपका दिसला की गप्प बसलेली माणसं बोलायला लागायची, कुणी पिशवीतला खाऊ चाचपून बघायचं, कुणी चपला पायात सरकवायचं. नाव अजून अर्ध्या पाण्यात असायची, पण माणसं मनानं घरी पोचलेली असायची.

तो ठिपका हवाच होता. काठ सगळा खडकांचा. नाव लागायला मधे एकच फट, घराच्या दारापेक्षा थोडी मोठी. तिथं दगडांचा धक्का होता. फट चुकली की नावेच्या तळाला खडक लागणार. आणि धक्क्याच्या खालच्या अंगाला, प्रवाह जिकडे ओढतो तिकडे, खडकांची एक रांग पाण्यातून डोकी काढून बसलेली. तिला सगळे ‘दात’ म्हणत. लहान मुलंसुद्धा त्या बाजूला बोट दाखवत नसत.

आक्काचा नवरा नावाडी होता. त्यानं एक रीत घालून दिली होती. कंदील स्थिर दिसला तर बिनघोर ये. कंदील झाकला-उघडला, झाकला-उघडला, तर माघारी फिर. का म्हणून विचारत बसू नकोस. वरच्या अंगाला पाऊस झाला की फटीतलं पाणी अचानक चढायचं आणि ते काठावरच्या माणसालाच आधी कळायचं. नवरा गेला, वल्हं मुलाच्या हातात आलं. मुलगा ही रीत बोबडं बोलण्याच्या वयातच शिकला होता. मोठेपणी त्यानं आईशी पुष्कळ वाद घातले, पण कंदिलाशी कधी घातला नाही.

मग आक्काच्या हाताला कंप सुटला. आधी चहा बशीत सांडायला लागला. सुईत दोरा जाईना. ती म्हणायची, हात म्हातारे झालेत, मी नाही. तशी ती ताठ मानेची बाई. पण एका संध्याकाळी तिच्या हातातून कंदील निसटला, दगडावर आपटला आणि काच फुटून वात विझली. नाव तेव्हा अगदी जवळ आली होती. मुलानं अंदाजानं नाव घातली. नावेचं नाक खडकावर बसलं, एक फळी तडकली. कुणाला लागलं नाही. पण त्या अंधारात बायामाणसांचे जे आवाज उठले, ते आक्काच्या कानातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी मुलगा फळी ठोकता ठोकता, तिच्याकडे न बघता म्हणाला की संध्याकाळची खेप बंद. तिच्या हाताला कंप सुटला तेव्हाच शेजारचा कुणी कंदील धरील असं त्यानं सुचवून बघितलं होतं; पण कुणी दोन दिवस धरायचं, तिसऱ्या दिवशी विसरायचं. विसरणाऱ्याच्या भरवशावर तो माणसं पाण्यात घालणार नव्हता.

खेप बंद झाली तशी पलीकडे कामाला जाणारी माणसं काम अर्धं टाकून उन्हातच परत यायला लागली. काहीजण तिकडेच कुणाच्या ओट्यावर रात्र काढायला लागले. आक्का दारात बसलेली असायची. जाता-येता कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ती चार शब्द ऐकवून मोकळी झाली असती.

एका सकाळी ती पहिल्या नावेनं पलीकडे गेली. बाजारात जिन्याखाली रेडिओवाला बसायचा. आता रेडिओ कुणी आणत नव्हतं. तो पंखे दुरुस्त करायचा आणि सूर्यावर चालणारे दिवे बसवून द्यायचा. आक्कानं त्याला सांगितलं की तिला न थरथरणारा हात पाहिजे.

रेडिओवाला हसला. म्हणाला, “आक्का, हात मिळत नाहीत माझ्याकडे. दिवा मिळेल.”

“मग दिवा दे. पण मी बसवीन. तू नुसतं सांग.”

त्यानं डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. मग स्टूल पुढं सरकवलं. त्याचं म्हणणं असं की लोक आधी मोठं पॅनेल उचलतात आणि मग दिवा शोधतात. हे उलटं आहे. आधी दिवा किती वेळ जळायला हवा ते ठरवायचं. मग तेवढी वीज साठवणारी बॅटरी. आणि ती बॅटरी दिवसभरात भरून काढील असं पॅनेल. शिवाय आभाळ भरून आलं तर दोन-तीन दिवस निघतील एवढी शिल्लक. आक्कानं हे सगळं मनातल्या मनात आपल्या भाषेत उतरवून घेतलं. दिवा म्हणजे वात. बॅटरी म्हणजे कंदिलाची टाकी. पॅनेल म्हणजे रोज तेल ओतणारा हात. वात किती मोठी ठेवायची त्यावर टाकी, आणि टाकीवर ओतणारा हात. एवढं कळल्यावर तिला पुढचं अवघड गेलं नाही.

रेडिओवाल्यानं तिच्यापुढं झगझगीत पांढरा दिवा ठेवला. तिनं तो बाजूला सारला. असल्या दिव्यानं नावेतल्या माणसाचे डोळे दिपतील, त्याला दिवा दिसेल आणि खडक दिसायचे नाहीत. तिला लहान दिवा हवा होता, आणि पिवळा; मुलाला ओळखीचा वाटेल असा. लहान दिवा म्हटल्यावर बॅटरीही आटोपशीर झाली, पॅनेलही. रेडिओवाला म्हणाला की पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकानं माल कमी करून मागितला असं त्याच्या धंद्यात कधी घडलं नव्हतं.

शेवटी त्यानं एक बटणाएवढी काचेची टिकली तिच्या तळव्यावर ठेवली. हा डोळा. अंधार पडला की हा ओळखतो आणि दिवा लावतो, उजाडलं की विझवतो. “याला उघडं आभाळ दिसू दे,” तो म्हणाला. आक्कानं मान डोलावली. मनात मात्र तिला हसू आलं. आभाळाला काय कळतंय? अंधार आधी पाण्यावर उतरतो. आयुष्यभर तिनं आभाळाकडे बघून कंदील लावला नव्हता. पाण्याचा रंग कुठल्या क्षणी फिरतो ते बघून लावला होता.

घरी आल्यावर तिनं अंगणात आणि धक्क्यावर काठ्या रोवल्या आणि अख्खा दिवस त्यांच्या सावल्या बघत बसली. धक्क्यावर दुपारनंतर मोठ्या झाडाची सावली पसरत होती. म्हणून पॅनेल तिनं काठावरच्या, नाव ठेवायच्या छपरीवर बसवायचं ठरवलं, तिथं ऊन दिवसभर हलत नव्हतं. दिव्याचा खांब धक्क्यावर रोवायचा होता, छपरीपासून तिथवर अंतर बरंच. रेडिओवाल्यानं बजावल्याप्रमाणे तिनं जाड वायर घेतली आणि नळीत घालून पुरली. बॅटरीची पेटी छपरीत, पुराची खूण होती तिच्याही वर ठेवली. मुलानं खडकात खांब रोवून दिला. खांबावर, हाताला येईल असं एक बटणही होतं. पाणी चढलं तर दिवा विझवून-लावून नवऱ्याची रीत चालवता यावी म्हणून.

आणि डोळा? तो तिनं दिव्याच्या खाली, एका लहान पट्टीवर, नदीकडे खाली बघणारा असा बसवून घेतला. ती स्वतः जिथं उभी राहायची आणि जिकडे बघायची, अगदी तसाच.

खांबावर चढवण्याआधी तिनं सगळं घरात जोडून पाहिलं होतं. भर दुपारी अंधार कुठून आणायचा? नावेतलं पाणी उपसायचा पत्र्याचा डबा तिनं डोळ्यावर पालथा घातला. दिवा लागला आणि जेवणं होईपर्यंत एकसारखा जळत राहिला. डबा काढला, विझला. आक्काला त्या दिवशी भाकरीसुद्धा गोड लागली.

सून पलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. घरी आणायचा दिवस ठरला तेव्हा मुलगा म्हणाला, सकाळच्या नावेनं आणतो. आक्का म्हणाली, संध्याकाळी आण. माझ्या दिव्यात नातीनं पहिल्यांदा घर बघावं.

मुलानं बराच वेळ दोर गुंडाळण्यात घालवला. मग विचारलं, “आई, खात्री आहे ना तुला?”

“दिसलं की पोचलं,” आक्का म्हणाली.

दिवा खांबावर त्याच दुपारी चढला होता. त्या संध्याकाळी ती उजेड असतानाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. वारा वरच्या अंगानं सुटला होता, पाणी दातांच्या दिशेनं नेहमीपेक्षा जास्त ओढत होतं. पलीकडे नाव सुटली तेव्हा ती एवढीशी दिसत होती. नावेच्या टोकाला मुलानं लावलेली छोटी बत्ती होती. हळूहळू पाण्याचा रंग फिरला. आक्कानं श्वास रोखला, आणि तिच्या डोक्यावर दिवा लागला.

पिवळा, शांत उजेड धक्क्यावरून उतरून पाण्यावर पसरला. ती स्वतःशीच हसली. लांब नावेतली बत्ती सरळ तिच्याकडे येत होती.

आणि दिवा विझला.

तिला वाटलं, कुठंतरी वायर हलली. ती वर बघते तोच पुन्हा लागला. तिचा जीव भांड्यात पडला. पण चार श्वास घेते न घेते तोच पुन्हा अंधार. मग उजेड. मग अंधार.

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. दिवा बिघडला याचं तिला भय नव्हतं. तो लांबून कसा दिसत असेल, ते तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. झाकला-उघडला. झाकला-उघडला.

मध्यावर आलेली बत्ती थांबली. थोडी डगमगली. मग वळायला लागली.

मुलगा रीतीला चुकणारा नव्हता, आणि त्या घडीला तिला त्याचंच भय वाटलं. नाव प्रवाहाला आडवी झाली होती. आडव्या नावेला वारा आणि पाणी दोन्ही ढकलतात. बत्ती माघारी जायच्याऐवजी खाली सरकत होती, दातांकडे. वल्ह्याचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तो कसा जीव खाऊन मारत असेल ते तिला कळत होतं. नावेत ओली बाळंतीण होती, आणि जिचं तोंडही तिनं अजून बघितलं नव्हतं अशी पोर.

ती ओरडली. वाऱ्यात ओरडणं विरून गेलं. तिनं बटण दाबलं. नुसता काळोख झाला, तो तर आणखीच वाईट. पुन्हा दाबलं. दिवा लागला, विझला. घरी टॉर्च होती, पण घर चढावर, आणि तिचे गुडघे तिला ठाऊक होते.

तिनं स्वतःला जागच्या जागी उभं केलं. जरा बघू दे, ती मनाशी म्हणाली. घरात हाच दिवा एकसारखा जळला होता. इथं का नाही? घरात काय होतं जे इथं नाही? आणि दिवा पुन्हा लागला तेव्हा तिला दिसलं. खालच्या पट्टीवरचा तो काचेचा डोळा त्या उजेडात चमकत होता. दिवा लागला की उजेड डोळ्यावर पडत होता. डोळ्याला वाटत होतं, उजाडलं. तो दिवा विझवत होता. मग त्याला अंधार दिसत होता, आणि तो पुन्हा लावत होता. घरात त्याच्यावर डबा होता.

डबा बॅटरीच्या पेटीजवळच पडला होता. छपरीला टेकून जुना बांबू उभा होता, नाव ढकलायचा; दोन्ही तिनं खांबाखाली ओढत आणले. तिनं डब्याच्या कानात बांबूचं टोक घातलं, खेचून घट्ट केलं, वरून शालीच्या काठानं गाठ मारली. गाठ मारताना बोटं एकमेकांवर आपटत होती. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली. तिनं नदीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिसरी मारायला हात उरले नसते.

बांबू उभा केला. डबा पट्टीच्या खाली आला, पण थोडा कमी पडला. बांबूचं बूड दगडावर टेकवून भागणार नव्हतं. उचलून धरावं लागणार होतं. ज्या हातांत कंदील राहिला नव्हता, त्याच हातांनी. तिनं बूड पोटाशी घेतलं, दोन्ही हातांनी वर रेटलं, आणि डब्याच्या तोंडात तो डोळा गेला.

दिवा लागला. ती मोजत नव्हती, पण तिच्या अंगाचा कण न् कण वाट बघत होता विझायची. विझला नाही.

आता तिनं पाण्याकडे बघितलं. बत्ती दातांच्या बरीच जवळ गेली होती. तिथं ती घुटमळली. त्याला काय वाटत असेल? आधी माघारी फिर म्हणालीस, आता ये म्हणतेस. आक्का मनात म्हणत होती, विचारू नकोस रे बाबा, का म्हणून विचारू नकोस, तुझ्या बापानं सांगितलंय.

बत्ती वळली. तोंड पुन्हा धक्क्याकडे झालं.

वाऱ्याच्या विरुद्ध नाव चढत होती. एक हात पुढं, अर्धा हात मागं. आक्काचे हात थरथरायला लागले, मग दंड, मग मान. वर पत्र्याचा डबा पट्टीवर टकटक वाजत होता. प्रत्येक टकटकीला तिला वाटत होतं, आता निसटला, आता अंधार. पण उजेड हलला नाही. मग तिच्या लक्षात आलं. डब्याचं तोंड रुंद होतं आणि डोळा लहान. हात थरथरला तरी डोळा डब्यातच राहत होता. कंदील थरथरला की उजेड थरथरायचा. हा थरथरत नव्हता. तिनं हात ताठ धरायचा हट्ट सोडला. थरथरू दिले. त्यानं ते जास्त वेळ टिकले.

नाव फटीतून आत आली, धक्क्याला घासली, तरी तिनं बांबू सोडला नाही. मुलानं उडी मारून दोर बांधला, बायकोला हात धरून उतरवलं, आणि मग दिव्याखाली उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. तिच्या पोटाशी बांबू, बांबूवर डबा, डब्याला शाल.

“आई, पाणी चढलं होतं का?”

“नाही.”

“मग दिवा?”

“दिव्याचं काही चुकलं नाही. मी त्याला माझ्यासारखं उभं केलं होतं.”

मुलाचे तळहात सोलले होते. त्यानं तिच्या हातातला बांबू काढून घेतला. बटण दाबून दिवा बंद केला, आणि त्या अंधारात सून म्हणाली, “आत्याबाई, बाळानं सगळं झोपेत काढलं. घर काही बघितलं नाही बघा.” आक्का दगडावर बसली आणि तोंड झाकून घेऊन हसली की रडली, ते अंधारात कुणाला कळलं नाही.

मुलाचं म्हणणं, हा खेळ आता पुरे. आक्का त्यावर भांडली नाही. सकाळी तिनं त्यालाच खांबावर चढवलं. डोळा काढून खांबाच्या मागच्या बाजूला, दिव्याच्याही वर, आभाळाकडे तोंड करून लावायला लावला, आणि मधे त्याच डब्याचा पत्रा कापून आडोसा केला, म्हणजे दिव्याचा थेंबभर उजेडही त्याला शिवू नये. या वेळी तिनं डोळा झाकून बघितलं नाही. खरी संध्याकाळ व्हायची वाट बघितली. अंधार पाण्यावर उतरला, तरी दिवा लागेना. तिनं ओठ चावला. मग आभाळही काळवंडलं तेव्हा लागला. तिच्यापेक्षा थोडा उशिरा, पण लागला, आणि पहाटेपर्यंत एकदाही पापणी लवली नाही. रेडिओवाल्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, मी सांगितलं होतं. आक्का म्हणाली, सांगितलं होतंस, पण पटवलं नव्हतंस.

मुलानं बरेच दिवस रिकामी नाव संध्याकाळी नेऊन-आणून बघितली. आक्का रोज खांबाखाली बांबू जवळ घेऊन बसायची. बांबू एकदाही उचलावा लागला नाही. ढगाळ दिवस आले, ते निघाले. मग एका संध्याकाळी माणसं पुन्हा नावेत बसली.

त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर आक्का थोडा वेळ त्याच्याखाली उभी राहिली. नाव मध्यावर होती, बत्ती सरळ येत होती, माणसांचे बोलण्याचे आवाज पाण्यावरून तुटक तुटक येत होते. घरात नात रडायला लागली होती. आक्कानं बांबू छपरीला नेऊन टेकवला. पावसाळ्यात पाणी बघायला मी आहेच, ती दिव्याला म्हणाली; तोवर तुझं तू बघ.

आणि ती चढ चढायला लागली. हातात काही नव्हतं. थरथरणारे हात तिनं दोन्ही बाजूंना मोकळे सोडले होते. उजेडाच्या कडेपर्यंत ती दिसली, मग शाल तेवढी दिसली, मग तीही नाही.

तिला जाताना पाहिलं ते नावेतून, तिच्या मुलानं. लहानपणापासून त्यानं नदीतून आईचा चेहराच पाहिला होता. पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वल्हं क्षणभर उचलून धरून तो बघत राहिला, आणि नाव आधीच्याच वेगानं उजेडाकडे सरकत होती.